डहाणू विरुद्ध तलासरी : न झालेला सामना

डिसेंबर लागला की पालघर जिल्ह्यातल्या डहाणू-तलासरीतली भातखाचरं मैदानं होतात. भात कापून खळ्यावर गेलेलं असतं, खाचरात नुसती धसकटं उरलेली. पाड्यावरची पोरं शेतमालकाला विचारून मधला एखादा बांध सपाट करतात, खेळपट्टीपुरती जमीन पाणी मारून, चोपून घट्ट करतात आणि सीमारेषेला फक्की टाकतात. चार बांबूंवर हिरवी जाळी, तिच्या सावलीत टेबल, टेबलावर चषकांची रांग, बाजूला भोंगा. कुठे बक्षीस रोख, कुठे बोकड. बोकड असला तर तो टेबलाजवळच बांधलेला असतो आणि दिवसभरातला सगळ्यात शांत प्रेक्षक तोच.

चेंडू टेनिसचा, डाव चार-पाच षटकांचे. समालोचक एक वाक्य मराठीत बोलतो, दुसरं वारलीत, तिसरं हिंदीत. आणि षटकार गेला की या तिन्हींत नसलेल्या भाषेत ओरडतो. हल्ली मोबाइल तिवईवर लावून यूट्यूबवर थेट प्रक्षेपण करतात. त्यामुळे गुजरातेतल्या एखाद्या बंदरात बोटीवर खलाशी म्हणून गेलेला पाड्याचा पोरगाही सामना बघू शकतो. नेटवर्क असेल तर.

अशा स्पर्धेत डहाणूकडचा संघ आणि तलासरीकडचा संघ समोरासमोर आला की भोंग्याचा आवाज आपोआप चढतो. पंच कुणाच्या गावचा यावर कुरबुर होते. धावबादचा एखादा निर्णय अर्धा तास खातो. बघणाऱ्याला वाटावं, काय हाडवैर आहे! पण पुढच्या रविवारी दुसऱ्या पाड्यावर जावं, तर तलासरीच्या संघाला आधी धू धू धुणारा डहाणूकडचा डावखुरा फलंदाज तलासरीच्याच संघातून खेळताना दिसतो. त्या स्पर्धेपुरता त्याला त्यांनी बोलावलेला असतो. कुणाला त्याचं काही वाटत नाही. म्हणजे भांडण खरं असतं, पण रविवारपुरतं.

मला गेली काही वर्षं कुतूहल आहे ते याचं. शेजारशेजारचे हे दोन तालुके, एकमेकांना चिडवायला दोघांकडे भरपूर दारूगोळा, पोरं काटक, खेळाची हौस दांडगी. शिवाय दोन्हीकडे महाविद्यालयं. असं असताना ज्याची वर्षभर वाट बघावी असा डहाणू विरुद्ध तलासरी हा सामना कधी उभा का राहिला नाही?

असा सामना उभा राहतो म्हणजे काय होतं, ते बघायला जरा लांब जावं लागेल. अमेरिकेच्या दक्षिणेत अलाबामा नावाचं राज्य आहे. व्यावसायिक फुटबॉलचा एकही मोठा संघ या राज्यात नाही. फुटबॉल म्हणजे तिकडचा, अंडाकृती चेंडू काखेत मारून धावण्याचा आणि धावणाऱ्याला आडवं पाडण्याचा. राज्यात विद्यापीठं मोठी दोन. टस्कलूसाचं अलाबामा विद्यापीठ १८३१ साली सुरू झालेलं, वकील-डॉक्टर-पुढारी घडवणारं, जुन्या घराण्यांचं. दुसरं ऑबर्नचं. सरकारी जमीन देऊन शेती आणि यंत्रविद्या शिकवण्यासाठी जी महाविद्यालयं तिकडे निघाली, त्यांतलं ते एक. टस्कलूसावाले ऑबर्नला ‘गाईगुरांचं कॉलेज’ म्हणून हिणवत आले, आणि ऑबर्नवाल्यांनी ते मनाला लावून घेतलं.

दोघांचा पहिला सामना २२ फेब्रुवारी १८९३ रोजी बर्मिंगहॅम शहरात झाला. ऑबर्न ३२–२२ असं जिंकलं. १९०७ साली ६–६ अशी बरोबरी झाली, आणि पुढच्या सामन्याची बोलणी फिसकटली. कारणं ऐकावीत: किती खेळाडूंचा खर्च द्यायचा, माणशी रोजचा भत्ता किती, आणि पंच कुठला आणायचा. या तीन गोष्टींवरून दोन विद्यापीठं ४१ वर्षं एकमेकांशी खेळली नाहीत. १९४८ साली पुन्हा खेळायचं ठरलं, तेव्हा दोन्हीकडच्या विद्यार्थी प्रतिनिधींनी बर्मिंगहॅमच्या एका बागेत खड्डा खणून खरोखरची कुऱ्हाड पुरली. त्या वर्षी अलाबामाने ऑबर्नला ५५–० असं धुतलं. कुऱ्हाड पुरून फार काही साधलं असं दिसत नाही.

तेव्हापासून दरवर्षी, साधारण नोव्हेंबरच्या अखेरीस, हा सामना होतो. त्याला ‘आयर्न बोल’ म्हणतात, कारण बर्मिंगहॅम हे लोखंड-पोलादाचं शहर. २०१३ सालचा सामना तर तिकडच्या लोकांना घड्याळाच्या काट्यासकट पाठ आहे. २८–२८ अशी बरोबरी, घड्याळात एक सेकंद शिल्लक, अलाबामाने ५७ यार्डांवरून चेंडू गोलखांबांत मारायचा प्रयत्न केला. तो तोकडा पडला, आणि ऑबर्नच्या क्रिस डेव्हिसने तो अगदी मागच्या रेषेजवळ झेलून अख्खं मैदान धावत पार केलं. ३४–२८. त्याच्या तीन वर्षं आधीची गोष्ट इतकी गोड नाही. ऑबर्नमध्ये एका कोपऱ्यावर ओकची जुनी झाडं होती. जिंकलं की लोक त्यांच्यावर कागदाच्या गुंडाळ्या फेकून ती पांढरी करून टाकत. २०१०च्या पराभवानंतर अलाबामाच्या एका चाहत्याने त्या झाडांच्या मुळांना तणनाशक घातलं, आणि वर रेडिओच्या कार्यक्रमात फोन करून ते सांगितलंही. त्याला तुरुंगवास झाला. झाडं वाचली नाहीत, २०१३ साली तोडावी लागली.

हे वेड कौतुकाचं आहे असं मी म्हणत नाही. झाडांना विष घालण्यापेक्षा आपला बोकड बरा. पण एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. तिकडचे विद्यार्थीही चार-पाच वर्षांत निघून जातात. संघ सतत बदलतो, प्रशिक्षक बदलतात. तरी सामना टिकतो, कारण तो विद्यार्थ्यांच्या एकट्याच्या जिवावर उभाच नाही. प्रतिस्पर्धी ठरलेला, आठवडा ठरलेला, मैदान ठरलेलं. आजोबा ज्या बाजूला बसले त्याच बाजूला नातू बसतो.

आता आपल्याकडे बघू. डहाणू म्हणजे समुद्र, चिकूच्या वाड्या, इराणी आणि पारशी बागायतदार, बाजारपेठ, आणि मुख्य म्हणजे रेल्वे. १६ एप्रिल २०१३पासून मुंबईची लोकल डहाणू रोडपर्यंत येते, आणि तेव्हापासून डहाणूकर स्वतःला निम्मा मुंबईकर समजतो. इथल्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. ५०० मेगावॉटचं औष्णिक वीजकेंद्र आहे, वाढवणला होऊ घातलेलं बंदर आहे. तारपा या वाद्याभोवतीचा वारल्यांचा नाच कागदावर आणून जगभर नेणारे जिव्या सोमा मशे डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे. आतल्या गावांत वारली वस्तीच जास्त, पण बाहेरच्याला डहाणू म्हटलं की किनाराच दिसतो.

तलासरी गावाला समुद्र नाही, रेल्वे स्थानक नाही. आहे तो राष्ट्रीय महामार्ग, अच्छाडचा नाका, आणि पलीकडे लगेच गुजरात. तालुक्यातली गावं पूर्वी उंबरगाव तालुक्यात होती. १९६० साली राज्यं वेगळी झाली तेव्हा उंबरगाव गुजरातेत गेलं, आणि इकडे राहिलेल्या गावांचं तलासरी झालं. याच भागातल्या झरी गावात २३ मे १९४५ रोजी हजारो वारली जमले आणि जमीनदारांच्या शेतावर वेठीला जायचं नाही असं ठरवून उठले. किसान सभेचे शामराव आणि गोदावरी परुळेकर त्यांच्यासोबत होते. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला पोलिसांचा गोळीबार झाला आणि पाच जण मारले गेले. गोदावरीबाईंनी हे सगळं ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये लिहून ठेवलंय. तलासरीतल्या महाविद्यालयालाही त्यांचंच नाव आहे.

म्हणजे एका बाजूला बाग, बाजार आणि आगगाडी. दुसऱ्या बाजूला रान, महामार्ग आणि लाल बावटा. टस्कलूसा आणि ऑबर्न यांच्यात होतं त्यापेक्षा हे अंतर कमी नाही. शिक्षणाचीही दोन वेगळी खानदानं आहेत. डहाणूच्या बाजूला बोर्डी. तिथे गोखले एज्युकेशन सोसायटीची शाळा १९२०पासून चालू आहे, आचार्य भिसे तिथलेच. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचं बालशिक्षणाचं काम १९४५ साली सुरू झालं तेही बोर्डीतच, पुढे ते कोसबाडला गेलं. मुंबई-पुण्याहून आलेल्या ध्येयवादी मास्तरांची ही परंपरा. तलासरीचं महाविद्यालय चळवळीतून निघालं. एखाद्या अमेरिकन वार्ताहराला हे सांगितलं, तर तो पहिला प्रश्न विचारील: मग यांचा सामना कधी असतो?

नसतो. इथली महाविद्यालयं मुंबई विद्यापीठाची. विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा बाद पद्धतीच्या, कोणाशी गाठ पडेल ते लॉटवर. आपल्याकडच्या, पायाने खेळायच्या फुटबॉलचा संघ करायचा म्हणजे आधी अकरा पोरं आणि अकरा जोडी बूट जमवायचे, मग पहाटेची एसटी किंवा लोकल धरून ठाण्या-मुंबईकडच्या कुठल्या तरी मैदानावर पोचायचं. प्रेक्षक म्हणजे पुढच्या सामन्यासाठी ताटकळणारे दोन संघ. शहरातल्या तयार कॉलेजाशी गाठ पडली तर तासाभरात खेळ आटोपतो, आणि स्टेशनवर वडापाव खाऊन सगळे घरी. शेजारच्या तालुक्याचा संघ त्या दिवशी कुणाशी हरला, हेसुद्धा कळायचं कारण नाही.

शाळेच्या पातळीवर जरा बरं आहे. आदिवासी विकास विभागाचं डहाणू प्रकल्प कार्यालय आहे. डहाणू, तलासरी, पालघर, वसई या तालुक्यांतल्या आश्रमशाळा त्याच्याकडे येतात. त्यांच्या क्रीडा स्पर्धा दरवर्षी होतात: आधी बीट, मग प्रकल्प, मग विभाग, मग राज्य. कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल, हँडबॉल आणि धावण्याच्या शर्यती. तिथे दोन आश्रमशाळांची खरी चुरस बघायला मिळते, कारण तीच शाळा दरवर्षी पुन्हा समोर येते. गेल्या वर्षी हरलेल्या कबड्डी संघातली मुलगी यंदा एक इयत्ता वर आलेली असते आणि तिला चढाईला कोण येणार ते ठाऊक असतं. त्यातून दहावी-बारावीला क्रीडागुण मिळतात, पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, म्हणून मास्तरही जीव लावतात. पण बारावी झाली की हे सगळं तुटतं, आणि ते तुटण्याचं कारण मैदानावर शोधून सापडत नाही.

ते दिवाळीनंतरच्या रस्त्यावर सापडतं. भात घरात आलं की इथल्या पाड्यांवरून माणसं निघतात. भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्या, कुठे बांधकाम, कुठे बागायत. उचल आधीच घेतलेली असते, पावसाळ्याच्या तोंडाशी बियाण्याला, आजारपणाला किंवा लग्नाला. ती फेडायला अख्खं कुटुंब जातं. ट्रकमध्ये भांडी, गोधड्या, कोंबड्या आणि पोरं. होळीला चार दिवस परत येतात, पुन्हा जातात. खलाशांचं वेळापत्रक आणखी वेगळं. गुजरातच्या बोटींवर जाणारे तरुण मासेमारीबंदी उठायच्या सुमारास, ऑगस्टमध्येच घर सोडतात आणि उन्हाळा सरता सरता परततात. ओखा, पोरबंदर, वेरावळ ही नावं इथल्या घरांत तालुक्याच्या गावाइतकी ओळखीची आहेत. त्यांतले काही समुद्रात हद्द ओलांडल्याच्या आरोपावरून पाकिस्तानच्या तुरुंगात जाऊन पडतात, आणि मग त्या पाड्यावर खेळाचा विषयच निघत नाही.

उरतात ते वापी, सरीगाम, उंबरगाव आणि तारापूरच्या कारखान्यांत पाळीवर जाणारे. डिसेंबरातल्या त्या खाचरातल्या स्पर्धा उभ्या राहतात त्या या पोरांमुळे, त्यांच्या सुट्टीच्या दिवशी आणि त्यांच्या वर्गणीतून. पण पाड्याचा अख्खा संघ सलग तीन मोसम एकत्र राहिला असं क्वचितच घडतं. दोघं भट्टीवर, एक बोटीवर, एकाला रात्रपाळी. म्हणून मग बाहेरचा फलंदाज बोलवायचा. ज्याला आपण निष्ठेचा अभाव म्हणू, ती खरी तर हजेरीची अडचण आहे.

याच महाराष्ट्रात फुटबॉलची चुरस कशी टिकते ते बघायचं तर कोल्हापूर. तिथे ती महाविद्यालयांची नाही, पेठांची आहे. मंगळवार पेठेतलं पाटाकडील तालीम मंडळ, बालगोपाल. शिवाजी पेठेतलं शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा. रविवार पेठेतलं दिलबहार. नावात तालीम आहे, कारण मुळात हे कुस्तीचे आखाडे. त्याच तालमीचा गणपती बसतो, तिथेच संध्याकाळचे गप्पांचे फड रंगतात, आणि तिचाच फुटबॉल संघ. राजघराण्याने खेळाला आश्रय दिला. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात, १९४० साली, कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन उभी राहिली. केएसए म्हटलं की कोल्हापुरातल्या शाळकरी पोराला कळतं. दर मोसमाच्या आधी तिथे खेळाडूंची नोंदणी होते, आणि कोण कुठल्या तालमीतून कुठल्या तालमीत गेला याची चर्चा मिसळीच्या टेबलावर आठवडाभर चालते. मग राजर्षी शाहू स्टेडियमवर लीग, लीगनंतर चषकांच्या स्पर्धा. गॅलरी भरलेली, पोलीस बंदोबस्त, कधी दगडफेक आणि मग खेळाडूंवर, संघांवर बंदी. २०१७च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव या शहराचा.

कोल्हापूरकराचं रक्त जास्त तापट असतं म्हणून तिथे हे जमलं, ही समजूत मला पटत नाही. तिथला खेळाडू मोसमात घरी असतो, एवढं साधं आहे ते. त्याच्या घरापासून तालीम चालत पाच मिनिटांवर, तालमीपासून स्टेडियमही फार लांब नाही. सकाळी सराव, दुपारी दुकान किंवा नोकरी. शिवाय एक संस्था अशी आहे, की ती वेळापत्रक लावते, दंड करते, शिव्या खाते आणि पुढच्या वर्षी पुन्हा वेळापत्रक लावते.

महाविद्यालयांची म्हणावी अशी चुरस महाराष्ट्रात आहे, पण ती नाटकात. पुण्यात १९६३पासून पुरुषोत्तम करंडक चालू आहे. एकांकिका संपली की भरत नाट्य मंदिरात ‘आव्वाज कुणाचा’ अशी आरोळी उठते आणि कॉलेजचं नाव छताला लागतं. चार-चार वर्षांपूर्वी पदवी घेऊन गेलेले लोक त्या आरोळीसाठी रजा काढून येतात. तिथेही गंमत तीच: ठरलेली स्पर्धा, ठरलेलं थिएटर, ठरलेले शत्रू.

आणि खरं सांगायचं तर डहाणू-तलासरीत अशी एक चुरस आहेच. ती पाच वर्षांनी एकदा रंगते. डहाणू विधानसभा मतदारसंघात तलासरी आणि डहाणूचा बराचसा भाग येतो. २०१९ आणि २०२४ या दोन्ही निवडणुकांत माकपचे विनोद निकोले भाजपच्या उमेदवाराविरुद्ध जिंकले, दोन्ही वेळा फरक पाच हजारांच्या आसपास. त्याआधी २०१४ला जागा भाजपकडे होती. इथे मतमोजणीच्या दिवशी जो श्वास रोखलेला असतो, तो कुठल्याही अंतिम सामन्याला शोभावा. प्रत्येक पाड्याला ठाऊक असतं कोण कुठल्या बाजूचं, बाप कुठल्या बाजूचा होता आणि काका कधी फुटला. भट्टीवर गेलेली माणसं मतदानाला परत आणली जातात, गाड्या पाठवून. खेळाला जे साधलं नाही ते राजकारणाला साधतं, कारण त्याच्यामागे कार्यालय आहे, झेंडा आहे, याद्या आहेत, आणि १० ऑक्टोबरसारखी तारीख आहे.

मग दोन महाविद्यालयांचा फुटबॉल सामना व्हायचाच असेल, तर तो डिसेंबरात नको. डिसेंबर क्रिकेटचा आणि ट्रकचा. जून-जुलैत आवणी, म्हणजे भाताची लावणी असते, गुडघाभर चिखलात अख्खं घर राबत असतं, तेव्हा खेळाचं नाव काढलं तर आजी विळा घेऊन मागे लागेल. आवणी आटपून कापणी सुरू व्हायच्या मधले जे दिवस असतात, सप्टेंबरचे, तेव्हा पोरं घरी असतात, कॉलेज चालू असतं, हाताला काम थोडं कमी असतं. पाऊस असतो, पण फुटबॉल चिखलातही होतो. तेवढ्यापुरतं क्रिकेटपेक्षा त्याचं बरं. खलाशी मात्र तेव्हा समुद्रात असतील, त्यांना यूट्यूबवरच भागवावं लागेल.

अडचण मैदानाची. सप्टेंबरात प्रत्येक सपाट जागेवर भात उभं असतं. त्यामुळे एखाद्या शाळेचं किंवा कॉलेजचं आवार लागेल, आणि ते डहाणूत असावं की तलासरीत यावर पहिलं भांडण होईल. आलटून-पालटून घ्या म्हटलं तर पहिली पाळी कुणाची यावर दुसरं. येण्याजाण्याचा टेम्पो कोण करणार, जेवणाचं कोण बघणार, आणि बक्षिसाचा बोकड कुठल्या बाजारातून आणायचा, हे सगळं आहेच. पण खरा तिढा पंचाचा. दोन्ही तालुक्यांतला नको, हे तर उघडच. उंबरगावचा आणावा म्हटलं, तर डहाणूकर म्हणतील की तो तलासरीचा जुना भाऊबंद. वापीहून आणलेला बरा. भाडं निम्मं-निम्मं.